लघवीच्या पिशवीचं जुनं दुखणं (आयसी) : खाणं, पाणी, प्रवास... कोणी काय काय बदललं?

अबोली:

नमस्कार मंडळी. विषय असा आहे की घरातसुद्धा कोणी मोठ्याने बोलत नाही, पण मध्ये एका धाग्यावर दोघीतिघींनी "सारखी लागते, ओटीपोटात दुखतं, रिपोर्ट मात्र नॉर्मल" असं लिहिलेलं वाचलं आणि म्हटलं आता वेगळा धागाच काढते. मला इंटरस्टिशियल सिस्टायटिस आहे, थोडक्यात आयसी, फाइलवर हल्ली ब्लॅडर पेन सिंड्रोम असंही लिहितात. पिशवी भरायला लागली की दुखतं, जाऊन आलं की जरा सुटल्यासारखं वाटतं, परत भरायला लागली की परत तेच, रात्रीपण. सुरुवात सगळ्यांसारखीच, "उन्हाळी लागली असेल, धने-जिऱ्याचं पाणी पी", मग अँटिबायोटिकचा कोर्स, तो संपला की दुसरा, आणि लघवीचं कल्चर (जंतू वाढतात का ती तपासणी) दरवेळी निगेटिव्ह. शेवटी एका युरॉलॉजिस्टनी भूल देऊन दुर्बीण टाकून बघितलं आणि दुखण्याला नाव मिळालं. रात्री एक छोटी गोळी चालू आहे पण हा धागा गोळ्यांसाठी नाहीये, गोळीपेक्षा रोजच्या वागण्यातल्या बदलांनी जास्त फरक पडला म्हणून लिहितेय.

मुख्य सांगायचं ते हे की नेटवरची "हे खाऊ नका" यादी जशीच्या तशी फ्रिजवर चिकटवू नका. ती यादी अमेरिकेतल्या ताटावरून बनलीय. त्यात क्रॅनबेरी ज्यूस आहे, आमसूल नाही, चिंच नाही, कैरी नाही, पाणीपुरीचं पाणी तर नाहीच नाही. आणि सगळी यादी पाळायला घेतली तर ताटात उरतो वरणभात, तोही लिंबाशिवाय. प्रत्येकाला वेगळं बाधतं, काहींना खाण्याने काहीच फरक पडत नाही. म्हणून आपली यादी आपण करायची.

मी असं केलं: आधी काही आठवडे एकदम साधं. मुगाचं वरण, भात, भाकरी, तूप, दुधी, पडवळ, दोडका, फोडणी जिरं-हिंग-हळदीची, फळात नाशपाती आणि कलिंगड. दुखणं जरा खाली बसल्यावर एकेक वस्तू परत आणायची, एका वेळी एकच, आणि दोनतीन दिवस बघायचं. सोबत डायरी, किती वाजता गेले, किती झाली, किती दुखलं दहापैकी. "किती झाली" साठी मापाचा प्लॅस्टिकचा मग बाथरूममध्ये ठेवलाय, त्यावर मार्करने मोठी लाल फुली, नाहीतर सासूबाईंनी तो स्वयंपाकघरात नेला असता.

माझा निकाल: टोमॅटो सगळ्यात वाईट, मिरचीपेक्षाही. मिरची थोडी चालते. ताजं गोडसर दही चालतं, संध्याकाळचं आंबट ताक नाही. आमसूल नाही, पण चिंचेचा अगदी छोटा कोळ भाजीत असला तर काही होत नाही, का ते विचारू नका. लिंबू, संत्रं, अननस बंद. आणि चहा. चहावर स्वतंत्र लिहावं लागेल. एकदम तोडू नका, डोकं असं धरतं की ब्लॅडर परवडली. मी आधी कप लहान केला, मग पावडर कमी केली, मग दुपारचा सोडला, आता सकाळी गवती चहाची पात आणि सुंठ घालून नुसतं दूध उकळते. चव चहाची नाही पण हातात गरम कप असतो, अर्धं काम त्यानेच होतं.

तुमचे अनुभव लिहा.

---

खानदेशी खवय्या:

ताई धाडस केलंत, अभिनंदन. बायकोला दाखवला धागा, तिचं तंतोतंत असंच चाललंय. एक विचारू, आमच्याकडे भरताला हिरव्या मिरच्या मोजत नाहीत, मूठ बघतात. मिरची चालते म्हणालात तर किती? आणि शेवभाजीचं काय, त्यात तर तिखट पण आहे आणि वरून लिंबू पण.

---

अबोली:

@खानदेशी खवय्या, मला चालते म्हणजे वहिनींना चालेल असं नाही हो, तोच तर मुद्दा आहे :) भरीत आधी मिरचीशिवाय करा, भाजलेलं वांगं, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून तेल. ते पचलं तर पुढच्या वेळी अर्धी मिरची. शेवभाजी सध्या राहू दे.

---

जुना स्टेथोस्कोप:

चांगला धागा. मी सर्जन म्हणून बरीच वर्षं काढली आहेत, आता निवृत्त आहे, त्यामुळे इथे कोणाला तपासत नाही, फक्त काही गोष्टी सांगतो.

आयसी हे निदान बाकीचं सगळं नाही म्हटल्यावर करायचं असतं. त्रास निदान सहा आठवडे असावा आणि जंतुसंसर्ग किंवा दुसरं कारण सापडू नये. लघवीची साधी तपासणी, कल्चर, रक्तातली साखर, सोनोग्राफी आणि त्यात लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरते ते, एवढं तर हवंच. आपल्याकडे आणखी एक नाव विसरून चालत नाही, टीबी. लघवीत पस सेल (पू पेशी) भरपूर आणि साधं कल्चर निगेटिव्ह असं दिसलं की मूत्रमार्गाच्या क्षयाची तपासणी मागून घ्या, साध्या कल्चरमध्ये तो जंतू वाढत नाही. तो राहून गेला तर पिशवी आकसत जाते, आणि मग कुठलंही पथ्य उपयोगाचं नाही. लघवीत रक्त दिसलं, विशेषतः चाळिशीच्या पुढे आणि तंबाखू-सिगारेटचा इतिहास असला, तर घरगुती उपाय बाजूला ठेवून आधी दुर्बीण.

दुसरं, ओव्हरॅक्टिव्ह ब्लॅडर (अचानक जोराची लागते, थांबवता येत नाही) वेगळा आणि हे वेगळं. दोघेही सारखे पळतात, पण तो वाटेत सुटेल या भीतीने आणि आयसीवाला दुखेल म्हणून.

अबोलीताईंनी डायरीचं लिहिलं ते सोन्यासारखं आहे. तीन दिवसांची डायरी आणली की डॉक्टरचं निम्मं काम होतं. दरवेळी शंभर मिली होतेय का चारशे, यावर पुढचं सगळं ठरतं. दरवेळी चारशे होत असेल तर पिशवी ठणठणीत आहे, माणूस पाणी फार पितोय नाहीतर साखर वाढलीय.

आजार नवा नाही. बाल्टिमोरच्या गाय हनर यांनी 1915 साली पिशवीच्या आतल्या अस्तरावरच्या जखमांचं वर्णन केलं, आजही त्यांना हनर लिजन म्हणतात. त्या सगळ्यांना नसतात, पण ज्यांना असतात त्यांना दुर्बिणीतून त्या जाळून किंवा तिथे इंजेक्शन देऊन चांगला आराम पडतो. म्हणून पथ्य करूनही फरक नसेल तर दुर्बिणीला घाबरू नका.

---

ठाणे_स्लो:

पुरुषांनी लिहिलेलं चालेल ना? मला याच प्रकाराला बरीच वर्षं प्रोस्टेटची सूज म्हणत होते, पुरुषांना आयसी होतो हेच कोणाच्या डोक्यात नाही. माझा प्रश्न खाण्याचा नाही, लोकलचा आहे. ठाण्याहून सीएसएमटी, स्लो पकडली तर तास तरी जातो, लोकलला टॉयलेट नाही, मध्ये उतरायचं म्हटलं तर प्लॅटफॉर्मच्या कुठल्या टोकाला आहे ते शोधा, मग परत गर्दीत चढा. म्हणून मी सकाळी उठल्यापासून ऑफिसला पोचेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाही. पोचल्यावर मात्र बाटलीच्या बाटली. तरी ट्रेनमध्ये मुलुंडपासूनच जळजळ सुरू होते. कोणी असा प्रवास करतं का?

---

अबोली:

@ठाणे_स्लो, चालेल काय, हवंच. पाणी तोडल्याने उलटं होतं हो. लघवी घट्ट होते, तीच दुखऱ्या अस्तराला झोंबते, आणि मग पोचल्यावर बाटली ढोसली की पिशवी एकदम ताणली जाते. दोन्हीकडून मार. मी शाळेत शिकवते, दोन तासांच्या मध्ये पळायची सोय नाही. मी उठल्यावर लगेच एक पेला पिते, घर सोडायच्या आधी तासभर थांबते, निघताना जाऊन येते, मग दिवसभर घोट घोट. लघवी फिकट पिवळी असली की पुरे, पाण्यासारखी पांढरी व्हायची गरज नाही. "रोज चार लिटर पाणी प्या" वाल्या फॉरवर्डकडे आपण लक्ष द्यायचं नाही.

---

टेकडीवरची:

लोकलमध्ये पुरुष निदान कुठेही उतरून जाऊ शकतात. बायकांचं विचारूच नका. मुंबईत 2011 ला राइट टू पी चळवळ सुरू झाली ती उगाच नाही, पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, तेही कडी नसलेल्या दाराचे. आम्ही पुण्यात, इथे जुन्या बसमध्ये बायकांसाठी 'ती' स्वच्छतागृहं केली होती, स्वच्छ असायची. बाकी शहरात कुठे जायचं तर मॉल नाहीतर पेट्रोल पंप, पंपावर टॉयलेट असावंच लागतं, बिनधास्त किल्ली मागायची.

आणि एक, हा मुद्दा अश्लील वाटेल पण सांगते, सार्वजनिक ठिकाणी आपण सगळ्या अधांतरी बसतो ना, भांड्याला न टेकता, त्याने पूर्ण होत नाही. मला एका फिजिओने सांगितलं होतं.

---

फिजिओताई:

@टेकडीवरची, अजिबात अश्लील नाही, अगदी बरोबर सांगितलं तुम्हाला. अधांतरी बसताना मांड्या आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळलेले राहतात, ते सैल झाल्याशिवाय पिशवी नीट रिकामी होत नाही. टिश्यू अंथरा, भारतीय पद्धतीचं असेल तर पूर्ण उकिडवं बसा, पण टेकून बसा किंवा पूर्ण खाली बसा, मधलं नको. आणि जोर लावून करायची नाही, घाई असली तरी.

ठाणे_स्लो, तुम्ही ट्रेनमध्ये उभे असता तेव्हा कळ आली की काय करता? बहुतेक जण खालून आवळून धरतात आणि श्वास रोखतात. त्याऐवजी खांदे सोडा, पोटात श्वास घ्या, सावकाश सोडा, कळ ही लाट असते, वर जाते आणि उतरते. उतरली की मग हलायचं. त्रास जरा आटोक्यात आला की जायची वेळ पंधरा मिनिटांनी लांबवायची, आठवडाभर तिथेच, मग पुढची पंधरा. दुखणं जोरात असताना हा प्रयोग करायचा नाही, शिक्षा होते नुसती.

---

योगसाधक_७२:

हे सगळं ठीक आहे पण मूळ उपाय आपल्याकडे आहेच. रोज सकाळी अश्विनी मुद्रा आणि मूलबंध, म्हणजे खालचे स्नायू आवळायचे आणि सोडायचे, शंभर वेळा. परदेशात यालाच केगल म्हणून पैसे घेतात. माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांची लघवी सुटायची ती पूर्ण थांबली. सोबत जवाचं पाणी. गोळ्यांची गरजच नाही.

---

फिजिओताई:

@योगसाधक_७२ काका, तुमच्या परिचितांना ते लागू पडलं असेलच, त्यांचे स्नायू ढिले होते म्हणून सुटत होती, तिथे आवळायचा व्यायाम बरोबर. आयसीत बहुतेकांचे तेच स्नायू आधीच गच्च आवळलेले असतात. त्यांना आणखी आवळायला लावलं तर दुखणं वाढतं. अमेरिकन युरॉलॉजी असोसिएशनच्या मार्गदर्शक तत्त्वांतसुद्धा अशा पेशंटना केगल टाळा असं स्पष्ट आहे. इथे सैल करायचं काम आहे. 2012 मध्ये तिकडे 81 बायकांवर अभ्यास झाला होता, या स्नायूंच्या गाठी हाताने मोकळ्या करणाऱ्या फिजिओथेरपीने 59 टक्के जणींना फरक पडला, नुसत्या अंगभर मालिशने 26 टक्के. त्यामुळे अश्विनी मुद्रा, मूलबंध सध्या नको. बद्धकोणासन उशा लावून, बालासन, भिंतीला पाय लावून विपरीत करणी आणि पोटाने श्वास, हे चालेल. जवाचं पाणी प्या की, त्याला कोणाची ना नाही.

---

योगसाधक_७२:

शवासन पण सांगा मग. तेही आपलंच आहे.

---

फिजिओताई:

शवासन तर सगळ्यात आधी :) काका, ते तुमच्याकडूनच सगळ्यांना.

---

पार्सिपनीची पाहुणी:

न्यू जर्सीहून लिहितेय. मला इथे आयसीचं निदान झालं आणि डाएट सोडा बंद केल्यावर निम्मा त्रास गेला, मला वाटायचं साखर नाही म्हणजे चांगलं. गोडवा आणणाऱ्या त्या गोळ्या पण बऱ्याच जणांना बाधतात, डायबेटिसवाल्यांनी लक्ष ठेवा. अजून एक कोणी बोलत नाही, व्हिटॅमिन सी. सर्दी झाली की आपण त्या आंबट गोळ्या चघळतो ना, माझा सगळ्यात वाईट फ्लेअर (दुखणं एकदम उसळतं तो काळ) त्याच आठवड्यात होता.

आणि ज्यांना पेंटोसान चालू आहे, आयसीसाठीची कॅप्सूल येते ती, त्यांनी डोळे दाखवा. 1996 पासून इथे मान्यता आहे तिला पण बरीच वर्षं घेणाऱ्यांच्या रेटिनावर डाग आढळले, 2020 ला लेबलवर तशी सूचना आली. मी दरवर्षी रेटिना तपासून घेते.

---

जुना स्टेथोस्कोप:

रेटिनाचं बरोबर आहे, भारतातही ते औषध मिळतं आणि डोळ्यांचं क्वचित सांगितलं जातं. स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणखी एक, फ्लेअरमध्ये पाण्यात खायचा सोडा घालून पिण्याचा सल्ला फिरत असतो. बीपी, हृदय किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी ते करू नये, त्यात सोडियम भरपूर असतं. लघवी अल्कलाइन करणारं सिरपसुद्धा महिनोन्महिने स्वतःच्या मनाने पिऊ नये.

---

चिंचेचं बुटुक:

नाव बघून हसू नका, मला पण तोच आजार आहे :( आंबट सुटलं की माणसाने जगायचं कशासाठी. तीन प्रश्न आहेत. एक, आमटीत चिंच-आमसूल नाही तर काय घालू, नुसती गुळचट लागते. दोन, उपवास चालतात का. तीन, हे विचारायला लाज वाटते पण नवऱ्याजवळ गेलं की दुसऱ्या दिवशी हमखास दुखतं, आता मी टाळायला लागलेय आणि घरात ताण आहे.

---

अबोली:

@चिंचेचं बुटुक, पहिलं सोपं. गूळ कमी कर, आंबटासाठी गूळ असतो, आंबटच नाही तर गूळ कशाला. तुरीच्या वरणात शेवटी तुपात जिरं, भरपूर हिंग, कढीपत्ता आणि दोन ठेचलेल्या लसूण पाकळ्या लाल करून ओत, वर भाजलेल्या सुक्या खोबऱ्याची पूड. आंबटाची आठवण येते पण ताट रिकामं नाही वाटत. गोडा मसाला आधी चिमूटभर घालून बघ, मला चालला.

उपवास चालतात, साबुदाणा खिचडी वर लिंबू न पिळता, वरी, रताळं, राजगिरा. पण निर्जळी नको. आणि साबुदाण्याने पोट गच्च होत असेल तर तोही कमी, कारण बद्धकोष्ठ झालं की मागून पिशवीवर दाब येतो, माझे निम्मे फ्लेअर त्याचेच असतात असं डायरीने सांगितलं.

तिसऱ्याबद्दल. लाज बाळगू नकोस, खूप जणींना होतं. आम्ही दोघं एकदा डॉक्टरांसमोर बसून बोललो, नवऱ्याने स्वतः ऐकलं की हे नाटक नाहीये, त्याने जेवढा फरक पडला तेवढा कशाने नाही. बाकी आधी आणि नंतर जाऊन येणं, स्नायू सैल करायचे व्यायाम, वंगण जेल, नंतर गरम पाण्याची पिशवी ओटीपोटावर, काहींना गार बरी वाटते. पाळीच्या आधीचा आठवडा माझा नेहमीच नाजूक, तेव्हा नाही म्हणायचं, आणि ते घरात सांगून ठेवलंय. फिजिओताई, काही राहिलं का?

---

फिजिओताई:

नाही, छान लिहिलंत. फक्त दुखत असताना रेटायचं नाही, शरीर पुढच्या वेळी आधीच आवळून बसतं. बुटुकताई, जमलं तर पेल्व्हिक फ्लोअरचं (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं) काम करणारी बाई फिजिओ शोधा, मोठ्या शहरांत मिळतात आता.

---

खानदेशी खवय्या:

बायकोचं अपडेट. मिरचीशिवाय भरीत केलं, आईने "आजारी माणसाचं जेवण" म्हणून नाक मुरडलं, पण त्रास कमी आहे. डायरीत एक भलतंच निघालं, तिला खाण्यापेक्षा ॲक्टिव्हावरून ऑफिसला गेलेल्या दिवशी जास्त दुखतं. रस्ता सगळा खड्ड्यांचा. सुट्टीच्या दिवशी तेच खाऊन काही होत नाही. असं असू शकतं?

---

फिजिओताई:

असूच शकतं. धक्के आणि सीटचा दाब दोन्ही. बस किंवा रिक्षाने आठवडाभर जाऊन बघा. टाइट जीन्सपण बघा.

---

ठाणे_स्लो:

माझंही सांगतो. सकाळी एक पेला पाणी, तासाने निघतो, ऑफिसमध्ये घोट घोट. जळजळ मुलुंडऐवजी आता कधी कुर्ल्याला सुरू होते, कधी होतच नाही. कळ आली की श्वासाचं केलं, पहिल्यांदा हसू आलं, चौथ्या सीटवर अर्धा लटकलेला माणूस डोळे मिटून पोटाने श्वास घेतोय, समोरच्या काकांनी विचारलं चक्कर येतेय का. सकाळची कॉफी मात्र सुटत नाहीये.

---

अबोली:

अर्धा कप करा आधी. आणि पोचल्यावर प्या, निघताना नको.

---

चिंचेचं बुटुक:

आमटी केली, चांगली झाली, मुलाला कळलं पण नाही. आता गणपतीला गावी जायचंय, कुडाळजवळ. दरवर्षी एसटीने जातो रात्रीची, यंदा विचारानेच पोटात गोळा आलाय. आणि तिकडे घरोघरी सोलकढी पुढे करतात, नाही म्हटलं की वाईट वाटून घेतात.

---

टेकडीवरची:

एसटी विसर, कोकण रेल्वेच बघ. तुतारी, मांडवी, कोकणकन्या तिन्ही कुडाळला थांबतात, आणि गणपती स्पेशल जाहीर झाल्या की लगेच बघायचं. रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडतं, सकाळी आठला लॉगिन करूनच बस. डब्याच्या टोकाची सीट घे, वास येतो पण पळायला बरं.

---

अबोली:

सोलकढीचं मी असं करते, यजमानांना आधीच सांगते की माझ्यासाठी आमसूल घालायच्या आधी वाटीभर नारळाचं दूध बाजूला काढून ठेवा, त्यात मीठ, जिरं, कोथिंबीर. पांढरी सोलकढी म्हणते मी तिला, कोणाला राग येत नाही. उकडीचे मोदक बिनधास्त खा, पंचामृत तीर्थापुरतं.

---

चिंचेचं बुटुक:

तुतारीला वेटिंग दाखवतंय :( मांडवीला दोन सीटा मिळाल्या, दिवसाची गाडी आहे, नवरा म्हणाला चालेल.